आधी दोरा, मग सुरी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : या वेळी टॅक्सिडर्मी, म्हणजे मेलेल्या प्राण्या-पक्ष्यांची कातडी टिकवून त्यांना जिवंत दिसतील असं उभं करण्याची कला

प्रश्न : काकू, नमस्कार. मी एकवीस वर्षांचा आहे, तासगावजवळच्या खेड्यात राहतो आणि चित्रकलेचा डिप्लोमा करतोय. दिवाळीनंतर मुंबईला गेलो होतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं प्राण्या-पक्ष्यांचं दालन पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यात टॅक्सिडर्मीच आहे. घरच्या घरी शिकायचं तर कोणती हत्यारं घेऊ, काय सामान लागेल? बाहेरून मागवायचं किट मला परवडण्यासारखं नाही. शिवाय आईने फ्रीजला हात लावायचा नाही असं बजावलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : किट घेऊच नकोस, निदान पहिले आठ-दहा पक्षी होईपर्यंत तरी. तुला लागणारं जवळजवळ सगळं तासगावच्या बाजारात, मिरजेला आणि तुझ्या घराच्या माळ्यावर मिळेल. पण यादीआधी एक गोष्ट सांगते, कारण माझं पहिलं काम तिच्यापायी वाया गेलं.

मी एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. सांगाडे जोडणं, अवयव जतन करणं हे रोजचं काम. पक्षी भरायला शिकले ते नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. पहिली होती एक तांबूस तलंग, म्हणजे अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी. कातडी मी अगदी सावकाश सोलली, कुठे फाटू दिली नाही, आणि त्या आनंदात आतलं धड मागच्या आवारात पुरून टाकलं. दुसऱ्या दिवशी तार आणि पेंढा घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की छाती किती खोल होती, पाठ किती लांब होती, मांड्या धडाला नेमक्या कुठे जोडलेल्या होत्या, यातलं काहीच माझ्याजवळ नाही. अंदाजाने धड केलं. पिसं सगळी जागेवर, रंग शाबूत, पण पक्ष्याचा आकार घागरीचा. आमचे सर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी माझ्या टेबलावर शिवणाचा दोरा आणि खाकी कागद आणून ठेवला. "हे आधी," एवढंच म्हणाले.

म्हणून तुझ्या सामानातही हेच आधी : दोरा, शिंप्याची टेप, एक व्हर्नियर कॅलिपर, खाकी कागद, पेन्सिल आणि वही. तू चित्रकलेचा विद्यार्थी आहेस, तेव्हा निम्मं काम तुला येतंच. पक्षी सोलण्याआधी तो जसा आहे तसा सगळ्या बाजूंनी रेखाटून ठेव. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून चोचीच्या टोकापर्यंत किती अंतर, डोळ्याचा व्यास किती, बुबुळाभोवतीच्या कड्याचा रंग कोणता, पायांचा आणि पापणीचा रंग काय, हे लिहून ठेव. रंग मेल्यावर काही तासांतच उतरतो आणि नंतर कितीही आठवलं तरी नेमका आठवत नाही. कातडी उतरल्यावर धड कागदावर आडवं ठेव आणि पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढ, एकदा कुशीवर ठेवून, एकदा पाठीवर. मान, पंख आणि मांड्या जिथे जोडल्या आहेत तिथे फुल्या मार. दोरा छातीच्या सगळ्यात रुंद भागाभोवती फिरवून घेर मोज, मानेची लांबी आणि जाडी मोज. हे सगळं झाल्याशिवाय धड टाकायचं नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 साली वन्यप्राण्यांच्या टॅक्सिडर्मीचं केंद्र सुरू झालं. ते उभं करणारे डॉ. संतोष गायकवाड मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. मला यात नवल वाटत नाही. हा धंदा कातडीचा वाटतो, पण सगळं अवलंबून असतं ते कातडीखाली काय होतं यावर.

आपल्या भाषेतला 'पेंढा भरणे' हा शब्दच नवख्याला चकवतो. उशीत कापूस कोंबतात तसं कातडीत काही कोंबायचं नसतं. कोंबलेला पक्षी वाळताना जागोजागी फुगतो आणि खपाटीला जातो. पेंढ्याचं नवं धड कातडीबाहेर, मापाबरहुकूम, घट्ट तयार करायचं आणि त्यावर कातडी अंगरख्यासारखी चढवायची.

आता हत्यारं. मिरजेला दवाखान्यांच्या आसपास सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, तिथे जा. स्कालपेलचं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या सुरीचं, तीन नंबरचं हँडल माग आणि त्यावर बसणारी पाती, दहा नंबर आणि पंधरा नंबर. अकरा नंबरचं टोकदार पातं दुकानदार आपणहून दाखवेल, पण सुरुवातीला घेऊ नकोस, कातडीला भोकं पडतात ती त्यानेच. एक चिमटा बोथट टोकाचा, एक बारीक टोकाचा. एक लहान वाकडी कात्री. हाडं तोडायला घरचा कटर चालेल. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मिळते ती डिसेक्शनची पेटी स्वस्त पडते, पण तिच्यातली कात्री लवकर बोथट होते. पातं बदलताना बोटांनी कधीच काढायचं नाही, पक्कडीने धरून काढायचं. वापरलेली पाती झाकणाच्या डब्यात टाक. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने पातं कागदात गुंडाळून केराच्या बादलीत टाकलं आणि झाडणाऱ्या मावशींच्या तळहाताला चार टाके पडले. ती गोष्ट मी तीस वर्षांत विसरलेले नाही. हातमोजे आणि मास्क हेही हत्यारांतच धर.

दुसरी महत्त्वाची वस्तू टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. सोनार डाग देताना वापरतो तोच. काष्ठौषधीच्या दुकानात खडा मिळतो, तो कुटून वस्त्रगाळ करून घे. सोललेल्या कातडीला आतून हा चोळला की ती कुजत नाही आणि किडीलाही नकोशी होते. तुरटी आणि टाकणखार दोन्ही पांढरे खडे, दुकानात नीट विचारून घे. तुरटीचा गुण आम्लाचा आहे, पक्ष्याच्या पातळ कातडीला ती पुढे कडक आणि ठिसूळ करते. टाकणखार पोटात जाता कामा नये, त्यामुळे त्याच्या बरणीवर मोठ्या अक्षरांत लिही आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नकोस. रक्त आणि ओल टिपायला मक्याचं भरडं पीठ सगळ्यात चांगलं. लाकडाचा भुसा घेतलास तर पांढरट लाकडाचा घे, लालसर लाकडाचा भुसा ओल लागली की रंग सोडतो आणि पिसं डागाळतात.

इथेच सांगते की पहिला प्राणी म्हणून पक्षीच का. ससा किंवा बोकडाचं कातडं नुसतं वाळवून भागत नाही, ते कमवावं लागतं. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कातडं कमवायची आपल्याकडची रीत जुनी आहे, कोल्हापुरी चप्पल त्यावरच उभी आहे, पण ती पायताणाची जाड कातडी. केस शाबूत ठेवून पातळ कातडं कमावणं हे वेगळं शास्त्र आहे, वर्षभराने बघू. पक्ष्याला टाकणखार पुरतो.

पक्षी कोणता घ्यायचा? कायद्याने निर्धास्त असायचं तर कोंबडी. पांढरी ब्रॉयलर घेऊ नकोस. तिची पिसं विरळ, कातडीखाली चरबी फार, आणि पांढऱ्यावर रक्ताचा थेंबही लपत नाही. बदक नको. त्याचं डोकं मानेपेक्षा मोठं असल्यामुळे कातडी डोक्यावरून उलटी निघत नाही, मागून वेगळी चीर द्यावी लागते, आणि चरबी तर विचारूच नकोस. मोठा तुरेवाला कोंबडाही पहिल्यांदा नको. तुरा वाळून आक्रसतो, काळा पडतो आणि सगळा चेहरा बिघडवतो. आठवडी बाजारातून गडद रंगाची गावठी तलंग आण, तुरा नुकता फुटू लागलेली. कापणाऱ्याला आधी सांग की गरम पाण्यात बुडवायची नाही, पिसं काढायची नाहीत, आणि मानेवरची चीर लहान ठेवायची.

आपोआप मेलेली कोंबडी मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. ती मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाने मेली की आणखी कशाने, हे तुला बघून कळणार नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 साली आपल्याच नवापूरला निघाला होता. एखाद्या परिसरात कोंबड्या मरताहेत असं कानावर आलं तर त्या हंगामात हा छंद बाजूला ठेव.

आता तुझ्या आईचा फ्रीज. आईचं म्हणणं बरोबर आहे, तिच्याशी वाद घालू नकोस. अन्नाच्या फ्रीजमध्ये हे ठेवायचंच नाही. पक्षी आणलास की चोचीत, नाकपुड्यांत, मानेच्या चिरेत आणि गुदद्वारात कापसाचे बोळे घाल, म्हणजे पाझर पिसांवर येणार नाही. वर्तमानपत्राचा भेळेच्या पुडीसारखा कोन कर आणि पक्षी डोक्याकडून आत सरकव. पिसं आपसूक अंगाला लागून बसतात. हा कोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेव. चार-पाच तासांत रक्त गोठतं, मग कामाला बस आणि त्याच दिवशी सोलून टाक. पुढे छंद टिकला तर एखादा जुना छोटा फ्रीज वेगळा घे. गोठवलेला पक्षी महिनोन्‌महिने राहतो, पण पाय आणि डोकं हळूहळू सुकत जातं, तेव्हा साठा करू नकोस.

सोलण्याची चीर छातीच्या कण्यापासून गुदद्वाराच्या अलीकडपर्यंत, फक्त कातडीपुरती. पोटाचा पडदा कापला गेला तर आतडी बाहेर येतात आणि दिवस वाया जातो. हात घसरू लागला की मक्याचं पीठ टाक, ओढू नकोस, ढकल. ओढलेली कातडी ताणते आणि ताणलेली पुन्हा मापात येत नाही. चरबी खरवडायला जुना टूथब्रश आणि बोथट चमचा. मग भांडी घासायच्या पातळ साबणाने गार पाण्यात धुऊन, टॉवेलने टिपून, केस वाळवायच्या यंत्राच्या थंड झोतावर पिसं फुलवायची. ओला चिंब गोळा हळूहळू पुन्हा पक्षी होतो, ते बघणं मला निवृत्तीच्या दिवसापर्यंत आवडत होतं.

तारेसाठी हार्डवेअरच्या दुकानात जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, तार माग. किलोभराच्या तलंगीला पायांसाठी बारा गेजची, मान आणि पंखांसाठी सोळा गेजची. बांधकामावरची काळी बाइंडिंग तार फुकट मिळाली तरी नको, ती मऊ असते, पक्षी महिन्याभरात गुडघे टेकतो, आणि गंज कातडीतून बाहेर येतो. टोकं कानशीने घासून अणकुचीदार कर. धडासाठी काचसामानाच्या पेट्यांत येतं ते वूड वूल, म्हणजे लाकडाचे लांब बारीक तंतू, मिळालं तर उत्तम. नाही तर भाताचा पेंढा कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून, मूठभर घेऊन, सुती दोऱ्याने करकचून गुंडाळत जा, आणि दर चार वेढ्यांनी खाकी कागदावरच्या रेषेवर ठेवून बघ. धड रेषेच्या किंचित आत राहिलं तर चालतं, कापसाने भरून काढता येतं. बाहेर गेलेलं चालत नाही, कातडी शिवली जात नाही. थर्माकोल कोरायला सोपा, पण त्यात तार सैल होते.

डोळ्याच्या खोबणीत आणि कवटीत भरायला शाडूची माती. नुसता शाडू वाळला की तडकतो, म्हणून त्यात कागदाचा लगदा आणि थोडं फेविकॉल मळून घे. डोळे परदेशातून मागवू नकोस. एका बाजूने सपाट असलेले पारदर्शक काचेचे अर्धगोल हस्तकलेच्या दुकानात मिळतात. मागून काळं बुबुळ आणि त्याभोवती तू लिहून ठेवलेला नारिंगी-तपकिरी रंग इनॅमलने लाव. मोजलेल्या मापापेक्षा मोठा डोळा घेतलास तर पक्षी घाबरलेला दिसतो. शिवायला बारीक सुई आणि मेण लावलेला दोरा, आपले चर्मकार वापरतात तसा. शेवटी मूठभर टाचण्या आणि कागदाच्या पट्ट्या. पक्षी वाळेपर्यंत पंख आणि पिसं त्यांनीच जागेवर राहतात.

वाळायला दोन-तीन आठवडे धर, पंख्याच्या हवेत, उन्हात नाही. आणि पावसाळ्यात सुरुवात करू नकोस. मार्गशीर्ष-पौषातली कोरडी हवा या कामाला लाभते. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव. पुढे कसर लागू नये म्हणून काचेच्या पेटीत ठेव आणि दर दोन-तीन महिन्यांनी पिसांच्या मुळाशी बघत जा. खाली बारीक भुकटी पडलेली दिसली तर पक्षी घट्ट पिशवीत बांधून आठ-दहा दिवस अन्न नसलेल्या डीप फ्रीजरमध्ये घाल.

मापं घेऊन झाली की धड हातभर खोल खड्ड्यात चुना टाकून पूर, वरवर पुरलेलं कुत्री उकरतात. आणि पहिली तलंग कशीही झाली तरी टाकू नकोस. माझी ती घागर अजून माझ्याकडे आहे.

प्रश्न : मी सावंतवाडी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या व्हरांड्याच्या काचेवर आपटून एक खंड्या मेला. मुलांनी तो जपून ठेवलाय, आणि त्यात पेंढा भरून शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवावा असा त्यांचा हट्ट आहे. आम्ही त्याला मारलेलं नाही, मग हरकत काय?

उत्तर : सर, मुलांची माया मला कळते, पण हरकत आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 39 प्रमाणे मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही राज्य शासनाची मालमत्ता होते. तो कसा मेला, कुणी मारला की नाही, याने फरक पडत नाही. ज्याच्या ताब्यात आला त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. महाराष्ट्र वन विभागाचा 1926 हा क्रमांक त्यासाठीच आहे. आजच फोन करा, आणि खंड्या आपटला तो दिवस, ती वेळ, ती काच, सगळं जसं घडलं तसं सांगा. पिसं काढून वहीत चिकटवणंही यातच येतं. मोराच्या आपोआप गळालेल्या पिसाला सूट आहे, खंड्याच्या पिसाला नाही.

वन विभागाचा माणूस येईपर्यंत मात्र मुलांना एक काम देता येईल. हातमोजे घालून तुम्ही पक्षी धरा आणि मुलांना लांबून बघू द्या, रेखाटू द्या, चोचीची आणि पंखांची लांबी मोजून वहीत लिहू द्या. खंड्याच्या पाठीवरचा निळा रंग रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो, हे त्या वेळी सांगा, समोर पक्षी असताना ते लक्षात राहतं. मग त्या काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर पांढरे ठिपके काढून घ्या. आकाश आणि झाडं काचेत दिसतात म्हणून पक्षी आपटतात.

प्रश्न : आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वाड्यात पणजोबांच्या काळातलं बिबट्याचं मुंडकं भिंतीवर आहे. आता केस गळताहेत, कानाची कड फाटली आहे. मी हौसेने थोडंफार टॅक्सिडर्मीचं वाचलंय. घरीच दुरुस्त करू का? कोणती रसायनं आणू?

उत्तर : काहीही आणू नका, आणि कृपा करून उघड्या हाताने त्याला हात लावू नका. त्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून आर्सेनिक घातलेला साबण आतून चोळायची पद्धत जगभर होती. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ती निघाली आणि विसाव्या शतकातही बराच काळ चालू राहिली. केस गळताहेत, कड फाटली आहे, म्हणजे आतली भुकटी बाहेर यायला वाट झाली. झाडूने झटकू नका, साध्या व्हॅक्यूमने ओढू नका, ती हवेत पसरते. लहान मुलं ज्या खोलीत वावरतात तिथे ते असेल तर मास्क आणि हातमोजे घालून, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, बंद खोलीत ठेवा आणि खालची फरशी ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्या.

दुसरी गोष्ट कागदांची. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. अशा वस्तूंची नोंद करायला कायदा आल्यावर मुदत दिली होती, 2003 साली पुन्हा एकदा 180 दिवसांची दिली. त्यात कुणी नोंद केली असेल तर घरात मालकीचं प्रमाणपत्र असेल, जुन्या ट्रंकांमध्ये शोधा. वारसाहक्काने अशी वस्तू आली तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कळवावं लागतं. ती विकता येत नाही, भेटही देता येत नाही. प्रमाणपत्र सापडलं तर त्याची प्रत घेऊन उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात जा आणि दुरुस्तीसाठी लेखी विचारा. नाही सापडलं तरी जा. 2022 च्या दुरुस्तीने अशा वस्तू स्वेच्छेने शासनाकडे जमा करायची सोय कायद्यात आली आहे. जाण्याआधी जमलं तर एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या.

पणजोबांची आठवण म्हणून भिंत रिकामी ठेवायची नसेल तर आत्ताच, गुंडाळण्याआधी, चांगल्या उजेडात त्याचे फोटो काढून ठेवा. फळीमागे कारागिराचं लेबल आहे का तेही बघा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात विसाव्या शतकात शिकारीत मारलेले हजारो प्राणी भरले गेले, तो कारखाना 1999 साली बंद झाला. त्यांचं काम असेल तर आत पेंढा नसतो, साच्यातून काढलेलं कागदाच्या लगद्याचं डोकं असतं. लेबल सापडलं तर त्याचाही फोटो अर्जाला जोडा.